गिरदावराचा पाहुणचार

रांगेत स्वस्थ उभं राहणं मला आजही जमत नाही. पाय हलत राहतो, पुढचा माणूस वळून बघतो. ही खोड कॉलेजच्या फीच्या खिडकीपाशी लागली. बी.एस्सी.ला नंबर लागला तेव्हा जो तो म्हणायचा, "तुला काय चिंता, फी सरकार भरतं." भरतं हो. पण ॲप्रन सरकार देत नाही, प्रॅक्टिकलची छापील वही देत नाही, ती वही पुन्हा ठरावीक दुकानातूनच घ्यायची. आणि सरकारने फी भरावी म्हणून उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यासाठी घरातून काय जातं, ते कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आम्ही हैदराबादला चिक्कडपल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. बाबा बेगम बाजारात एका मसाल्याच्या दुकानात वजनकाट्यावर होते. आई काचीगुड्याला तीन घरी स्वयंपाक करायची, पण हे आम्हा तिघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहायच्या. जुनं हैदराबादी मराठी घर, तीन पिढ्या सरकारी नोकरीतल्या. त्यांना आईने सांगून ठेवलं होतं, की काचीगुड्याला माझा भाऊ राहतो, वहिनीचे गुडघे गेलेत, म्हणून रोज हातभार लावायला जाते. आईला भाऊच नव्हता. तरी काकूंनी जिन्यात विचारलं, "कसे आहेत हो वहिनींचे गुडघे?" की आई गंभीर चेहऱ्याने सांगायची, "आज जरा बरे आहेत." मला हसू आवरायचं नाही.

फीमाफीच्या अर्जाची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. दाखला जोडला नाही तर वर्षाची सगळी फी आम्हीच भरायची, म्हणजे कॉलेज सुटलंच. मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसील कचेरीत सांगितलं, आधी गिरदावर, म्हणजे महसूल खात्याचा तपासनीस, घर बघून जाईल, मग दाखला. मी घरी येऊन तेवढंच सांगितलं आणि माझ्या धांदलीत निघून गेले. चूक माझीच. आईच्या कानांनी एवढंच घेतलं, की आपल्या घरी सरकारी माणूस येणार.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तर गिरदावर आमच्या घरात वेताच्या खुर्चीत बसून शिरा खात होता. आमच्याकडे वेताची खुर्ची नव्हती. दोन खुर्च्या, टेबलावरचं भरतकामाचं कापड, फुलाफुलांचे सहा काचेचे ग्लास, सगळं काकूंकडून आणलेलं. शिऱ्यात बदाम होते, दिवाळीला बाबांच्या शेटने दिलेले, तुकडा बदाम. आई ठेवणीतली साडी नेसून उभी होती.

"तुम क्या करते अम्मा?" त्याने विचारलं.

"मैं? मैं घर में रहती," आई म्हणाली.

मी दारात होते. तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण काकू, आपल्या खुर्च्यांवर कोण बसलंय ते बघायला, जिन्यात उभ्या होत्या.

तो गेल्यावर मात्र मी आईवर तुटून पडले. "अगं, तो आपली गरिबी बघायला आला होता. तू बदाम कसले घालतेस?"

"दारात आलेल्या माणसाला काय कोरडं पाठवायचं?"

"तो पाहुणा नव्हता, आई."

"आपल्या घरात पाणी प्यायला ना? मग पाहुणाच."

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून बाहेरच गेले.

अर्ज परत आला. परिस्थिती बरी, असा शेरा. मुदतीला चार दिवस होते. मी मंडल ऑफिसात दोन तास येरझाऱ्या घातल्या, शेवटी तो गिरदावर भेटला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तुमारे घर में बादाम का शिरा खाया मैं. गरीब कैसे लिखूं, तुमीच बोलो." मग त्याने तोड सांगितली. आई काय काम करते ते कागदावर लिहा, त्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणा. त्यातली एक घरमालकाची.

आई कणीक मळत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसरा काही उपाय नाही?"

"नाही. तुला तुझी अब्रू प्यारी असेल तर राहू दे. मी उद्यापासून कॉलेजला जात नाही."

हे मी बोलले. आज लिहिताना लाज वाटते. आईने हात धुतले, पदर सारखा केला आणि जिना चढायला लागली. मी कागद घेऊन मागे.

काकूंनी बसा म्हटलं, पण ती बसली नाही. "काचीगुड्याला माझा भाऊ नाही," ती म्हणाली. "मी तिथे तीन घरी स्वयंपाक करते. पोरीच्या दाखल्यासाठी तुमची सही पाहिजे."

काकूंनी चष्मा शोधला, कागद वाचला, सही केली. "अगं, मग आधी सांगायचं नाही का?" म्हणाल्या. त्या आईला नेहमी अहोजाहो करायच्या. खालच्या इस्त्रीवाल्याने तर न वाचताच सही केली.

दाखला मिळाला, फी माफ झाली. पुढच्याच आठवड्यात काकू खाली आल्या. "तशी इतक्या लांब जातेसच, तर आमचाही स्वयंपाक बघ की." मला वाटलं, आई नाही म्हणेल. पण ॲप्रन घ्यायचा राहिला होता, वही राहिली होती. आई हो म्हणाली.

दर संक्रांतीला काकूंच्या हळदीकुंकवाला आई खिडकीजवळच्या सोफ्यावर बसायची. तिची ती जागाच होती. त्या वर्षी काकूंनी मलाही बोलावलं आणि तिथेच बसवलं. "खालची मुलगी, बी.एस्सी. करते," असं बायकांना कौतुकाने सांगितलं. आतून आई मसाला दुधाचा ट्रे घेऊन आली. तेच फुलाफुलांचे ग्लास. एकेकीपुढे धरत ती माझ्यापर्यंत पोचली. मी उठायला लागले, तर तिने डोळ्यांनीच बस म्हणून सांगितलं.

"घे," ती म्हणाली. "गरम आहे, जपून."

मी ग्लास घेतला. काकूंनी मला कुंकू लावलं, हातात वाण दिलं. आईचं वाण आत ओट्यावर ठेवलं होतं, उरलेल्या दुधाच्या पातेल्याशेजारी. काम आटोपलं की घेऊन जा, असं काकूंनी तिला सांगून ठेवलं होतं.