पडद्यावरची छावणी

पाटोद्याच्या बाजूला आमच्या गावात दूध सोसायटी होती आणि तिच्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. दुष्काळ पडला, दूध आटलं आणि मला सवडच सवड मिळाली. त्या सवडीत मी एक प्रोग्राम लिहिला. स्क्रीनवर काळे ठिपके म्हणजे जनावरं, हिरवे म्हणजे चारा. प्रत्येक जनावराला तीन गुण दिले: चाल, नजर आणि भूक. पोटभर खाल्लं की पिल्लू होणार, उपाशी राहिलं की मरणार. पिल्लू आईबापावर जाणार, पण थोडंसं वेगळं निघणार. एवढं केलं की चालू करून द्यायचं आणि पिढ्यामागून पिढ्या बघत बसायचं. नोकरीत मी इतका मन लावून कधी बसलो नव्हतो.

चेअरमननी ते पाहिलं. त्याच सुमारास सोसायटी बाहेरून चारा आणणार होती आणि त्यांना ठराव हवा होता: चारा फक्त जास्त दूध देणाऱ्या संकरित गायींना. असल्या गायी कुणाच्या गोठ्यात जास्त, हे कळायला प्रोग्राम लागत नव्हता. आमच्या घरी आईची एक गावरान गाय. दूध जेमतेम, पण आई माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलायची. ठराव झाला तर गाय जगवायची कशी, याशिवाय घरात दुसरा विषय नव्हता.

"सभेत दाखवू. भारी जनावरच टिकतंय, असं निघालं पायजे," चेअरमन म्हणाले.

मी प्रोग्राममध्ये दुष्काळासारखा पाऊस कमी केला, हिरवे ठिपके घटले. भारी भुकेची जनावरं पटापट मेली. थोडक्यात भागवून लांबवर चालणारी तेवढी उरली. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. चेअरमननी चष्मा काढून पुसला.

"तुझं मशीन विरोधी गटाचं हाय का बे?"

मग तोडगाही त्यांनीच काढला. कोपऱ्यात छावणी टाक, पाऊस पडो न पडो, तिथं चारा पडलाच पाहिजे.

टाकली. काही पिढ्यांत जनावरांची चाल गेली, नजर गेली, भूक तेवढी वाढत राहिली. सगळी कोपऱ्यात अंगाला अंग लावून बसली. एखादं चुकून बाहेर ढकललं गेलं, तर तिथंच मरायचं. चेअरमन म्हणाले, "बघ, भारीच टिकली!" मी मान डोलावली. हे बघितल्यावर आंधळ्यालाही कळेल आणि ठराव पडेल, अशी माझी खात्री होती.

वार्षिक सभेला गोदामाच्या भिंतीवर ते मोठं करून दाखवलं. सभासद टक लावून बघत होते. मागून एक म्हातारा धनगर उठला आणि ओरडला, "आरं, हे तर आपलं संचालक मंडळ हाय की!"

अख्खं गोदाम हसलं. संचालक हसले. चेअरमन तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि त्या हसण्यातच, कसला ठराव ते न सांगता, त्यांनी विचारलं, "मग, ठराव मंजूर?"

या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर आहे आणि ते डोक्यातून येत नाही. चिवड्याची पाकिटं मंजुरीनंतरच वाटतात, हे आमच्या सभासदाच्या रक्तातच उतरलंय. "मंजूर, मंजूर!" गोदाम दणाणलं. बायकांच्या बाजूनं सगळ्यात खणखणीत आवाज माझ्या आईचा होता. दूध तिच्या नावावर जायचं, त्यामुळे सभासद तीच.

घरी आल्यावर गोठ्याशी उभी राहून ती म्हणाली, "समदे लई हसले रं. काय मंजूर केलं आपण?"

मी सांगितलं.

मला चेअरमनचा संताप आला, म्हाताऱ्याचा आला, तिचाही आला, आणि तिच्याकडे बघून रडूही आलं. माझ्यासाठी पदरात बांधून आणलेलं चिवड्याचं पाकीट तिनं सोडलं, हातावर ओतलं आणि गायीपुढं धरलं. गाय मिरच्या सोडून शेंगदाणे वेचू लागली.

"दमानं खा बाई," आई तिला म्हणाली, "उद्या न्हाई भेटायचं."