निलेशची जीप आणि पिंपळनेरची उतरण

निलेश गेल्यापासून त्याची जीप आमच्या शेतातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आबा, आमचे वडील, ती विकू देत नव्हते आणि कुणाला हातही लावू देत नव्हते. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "दुसऱ्याचा पोरगा मारायला देऊ काय?" आणि उठून केळीत निघून जायचे.

निलेश माझा धाकटा भाऊ. रावेरजवळ आमची केळीची बाग आहे, ती तो आणि आबा मिळून बघायचे. मी लग्नानंतर जळगावला, बँकेत. निलेशला डोंगरात गाडी घालायचा नाद होता. जीप घेतली तेव्हा ती साधीच होती. मग सस्पेन्शन उंच झालं, टायर मोठे आले, पुढे अडकलेली गाडी ओढून काढायची विंच बसली, टपावर लोखंडी कॅरिअर आणि त्यावर दिव्यांची रांग. गावातली पोरं तिच्यासोबत फोटो काढायची. दोन वर्षांपूर्वी पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरात ती एका उतारावर आडवी झाली आणि निलेश तिच्याखाली आला. त्याचे मित्र घरी आले तेव्हा सांगितलं की सस्पेन्शनचा रॉड तुटला, गाडीनं दगा दिला. आबांनी ते धरून ठेवलं.

त्या मित्रांपैकी धुळ्याचा किशोर आता ऑफ-रोड ड्रायव्हिंग शिकवतो. निलेश गेल्यावर तो स्वतः बाहेर जाऊन रीतसर शिकून आला. या हिवाळ्यात त्याने शिबिराचा मेसेज पाठवला आणि मी, का कोण जाणे, लगेच हो म्हटलं. किशोर म्हणाला, "ताई, निलेशचीच जीप आणायची असेल तर आधी ती कंपनीच्या उंचीवर आणा. टपावरचं सगळं काढा." दुरुस्तीला नेते म्हटलं तेव्हा आबांनी अडवलं नाही; जळगावच्या मेकॅनिकने मूळ स्प्रिंग आणि मूळ मापाचे टायर परत बसवले. उजव्या बाजूचा पत्रा त्याने सरळ केला, तरी हात फिरवला की पोचा लागतो.

मग ती घेऊन मी स्वतः शिबिराला जाणार हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी येतो. त्या गाडीत तुला एकटीला बसू देनार नाई."

सकाळी जळगावहून निघालो. जाणार असाल तर सांगते, धुळ्यापर्यंतचा रस्ता बहुतेक चौपदरी आणि चांगला आहे. एरंडोल, पारोळा करत आरामात पोहोचता. फास्टॅग भरलेला ठेवा. आबा शेजारच्या सीटवर दाराची मूठ धरून बसले होते. पारोळ्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा टपरीवरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी जीपभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "हाई गाडी कोनी शे?"

"माह्या पोराची," आबा म्हणाले.

"भलती चांगली शे," बाबा म्हणाले. आबांनी चहा अर्धा ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

धुळ्यात जेवलो. शेवभाजी मागवली तर आधीच विचारा, तर्री किती घालणार म्हणून. जळगावच्या माणसालाही ठसका लागतो. पुढे साक्री आणि तिथून पिंपळनेर. साक्रीनंतर डोंगर जवळ येतात आणि हवा एकदम गार होते. पिंपळनेरला साध्या लॉजमध्ये उतरलो. खोल्या स्वच्छ आहेत, सकाळी गरम पाणी मिळतं, पण स्वेटर विसरू नका.

शिबिर गावाबाहेरच्या माळावर होतं. पाच-सहा गाड्या, त्यातली नाशिकच्या एका तरुणाची सगळ्यात सजलेली. तो किशोरला विचारत होता, "सर, आधी काय टाकू? डिफरन्शियल लॉक की अजून उंच सस्पेन्शन?"

"आधी उतरून चाला," किशोर म्हणाला.

"म्हणजे?"

"ज्या वाटेवर गाडी घालायची ती आधी पायांनी बघायची. वस्तू वाईट नसतात हो. चाक नुसतं जागेवर फिरतं तेव्हा लॉक लागतो, विंचपण लागते. पण त्या तुम्हाला लांब नेऊन सोडतात. तिथून परत यायचं ते तुम्हालाच."

पहिला दिवस त्यातच गेला. टायरची हवा किती कमी करायची, फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जोराचा गिअर, कधी लावायचा, दगडावर चाक कसं ठेवायचं. दुपारी नाशिककराची गाडी कोरड्या नाल्यातल्या वाळूत बसली, कारण तो नुसता ॲक्सिलरेटर दाबत राहिला. त्याच नाल्यातून एका शिक्षिकेची अगदी साधी गाडी हळूहळू निघून गेली. नाशिककरानेच टाळ्या वाजवल्या, मनापासून. या शिबिराची फी साधारण एका मोठ्या टायरएवढी आहे. जे टायर घ्यायच्या विचारात असतील त्यांनी हे लक्षात ठेवावं. जेवण माळाच्या मालकाच्या घरी होतं, नागलीची भाकर आणि उडदाची डाळ. आबा जेवले, पण शिकवणं सुरू झालं की लांब दगडावर बसून राहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरण. मातीची, मध्ये मध्ये खडी. किशोर माझ्या शेजारी बसला. "फोर-लो, पहिला गिअर. क्लचला पाय लावायचा नाही. इंजिनच गाडी धरून ठेवेल. तोंड सरळ खाली."

अर्ध्यात आले आणि मागची बाजू सरकली. गाडी तिरकी व्हायला लागली. माझा पाय ब्रेकवर गेला आणि हात आपोआप स्टेअरिंग डोंगराकडे फिरवायला लागले. वर वळवावं, गाडी आडवी करून थांबवावं, खालचं दिसूच नये, असं सगळं अंग म्हणत होतं.

"ब्रेक सोडा," किशोर शांतपणे म्हणाला. "स्टेअरिंग खाली. ताई, खाली."

जिथे पडायची भीती तिकडेच तोंड करायचं. मी केलं. जीप सरळ झाली आणि गुरगुरत खाली येऊन थांबली. मी इंजिन बंद केलं, आणि मला स्टेअरिंगवरचे हात काढता येईनात.

"किशोर, निलेशने गाडी वळवली होती ना?"

"हो."

"रॉड?"

"रॉड गाडी पडल्यावर तुटला. मी खाली उभा होतो. ओरडत होतो, सरळ ये, सरळ ये. त्याने वळवली. उतारावर आडवी थांबली, तेव्हा सीटचा पट्टा काढून चाक बघायला बाहेर वाकला. उंच गाडी, टपावर एवढं वजन. गेलीच."

"साधी असती तर वाचला असता?"

"माहीत नाही, ताई. मी यावर खूप विचार केलाय. साधी असती तर कदाचित पडली नसती. पण साधी गाडी त्याने त्या उतारावर घातलीच नसती. आम्ही सगळे शिकायला जाणार होतो तेव्हा म्हणाला होता, माझ्या गाडीत सगळं आहे, मला काय शिकायचंय." त्याने डॅशबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. "आबांना कसं सांगणार होतो? तुमच्या पोराने चुकीचं वळवलं म्हणून?"

दार वाजलं. आबा उतरण पायी उतरून आले होते. काच खालीच होती. त्यांनी किती ऐकलं ते कळलं नाही. ते किशोरला म्हणाले, "ती जागा कुठी हाय? मला दाखव."

पिंपळनेरपासून तासाभराच्या आत आहे ती. नेमकी वाट इथे लिहीत नाही, कृपया विचारूही नका. डांबरी संपल्यावर पायवाटेसारखा गाडीरस्ता, सागाची झाडं, मग एक मोकळी उतरण. किशोर थांबला आणि हाताने दाखवलं.

आबा बघत राहिले. वरून खालपर्यंत, मग पुन्हा वर.

"इवढीच?" ते म्हणाले.

खरंच एवढीच होती. आमच्या शेतातली बैलगाडी उतरेल एवढी. दोन वर्षं आम्ही घरात बसून तिथे कडा बघत होतो, खोल दरी बघत होतो.

किशोर हात जोडून उभा होता. "आबा, आम्ही खोटं सांगितलं."

"मला ठाव व्हतं," आबा म्हणाले. "अस्पतालातच त्याच्या खांद्यावर पट्ट्याची खूण नव्हती. पट्टा काढला म्हनजे त्याचंच काही चुकलं. पन गाडीवर राग धरता येतो. मेल्या पोरावर कसा धरू?"

ते उतारावर खाली बसले, आणि हळूहळू हाताने खडी बाजूला करायला लागले, जसं काही जागा झाडायची होती. मी शेजारी बसले. परत फिरताना आबा म्हणाले, "तू उतरवली गाडी. मी बघितलं वरून."

येताना धुळ्याला थांबलो नाही, सरळ घरी, रावेरला. जीप शेडमध्ये लावली. आबांनी ताडपत्री घातली नाही. ती आता किशोरकडे जाणार आहे, शिकणाऱ्यांसाठी. हे त्यांनीच वाटेत ठरवलं. या प्रवासातून तुमच्यासाठी काय सांगू? मोठे टायर घ्या, विंच घ्या, हौस करा. पण आधी उतरायला शिका. हे मी दुसऱ्या कुणाचं ऐकून लिहीत नाही.

आई दारातच होती. या सगळ्यात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. जेवायला बसलो तेव्हा आबांनी ताट पुढे ओढलं आणि तिच्याकडे न बघता सांगून टाकलं, "गाडीचं आधी काही तुटलं नव्हतं. उतारावर निल्यानं वळवली."

मला वाटलं आता आई रडेल, किंवा किशोरवर चिडेल, आमच्यावर चिडेल. तिने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हनजे भेव वाटलं असंल त्याला."

आम्हा कुणाला हे सुचलंच नव्हतं. रॉड, उंची, पट्टा, चूक, सगळं बोलून झालं होतं.

"हो आई," मी म्हटलं. "वाटलं असेल."

"लई?"

माझे हात मला आठवले, डोंगराकडे वळणारे. मी तिला खरं सांगितलं. आबा ताटावरून उठले नाहीत. भरल्या ताटापुढे बसून, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, ते मोठ्याने रडले.