झाकलेली सीट

आमच्या बेसाच्या गल्लीत ताराचंद प्लॉटवाल्याचं घर कोणीही दाखवते. माणूस वाईट नाही. फक्त एखादी वस्तू त्याले आवडली, की ती वापराची राहत नाही, झाकाची होते. सोफ्यावर चादर, फ्रिजवर कव्हर, रिमोटले पन्नी. टीव्हीच्या काचेवरची पन्नीही त्यानं अजून काढली नाही, म्हणून त्याच्या घरी बाराही महिने बातम्या धुक्यात दिसतात.

मागच्या वर्षी त्यानं एक जुनी विलायती मोटार आणली. लाल, बुटकी, दोनच सीटा, डोक्यावर टप नाही. त्याच्या बायकोनं, गोपिकावहिनीनं, गाडीले ओवाळलं, कुंकू लावलं, अन् डावीकडचं दार उघडाले गेली.

"थांब वं," ताराचंद म्हणाला, "पहिले कव्हर येऊ दे. सीट खराब होते."

वहिनीची हौस काही फार मोठी नव्हती. तिचं माहेर कुहीचं. भावाच्या पोरीचं, दामिनीचं, लग्न जानेवारीत होतं. त्या लग्नाले या गाडीत बसून जायचं, बस. ताराचंदनं तोंड भरून हो म्हटलं होतं.

मग कव्हर आलं. काळं रेक्झिन, पुढच्या काचेपासून मागच्या डिक्कीपर्यंत दोन्ही सीटांवर ताणून बसवायचं. काठानं टिचबटणं, मधोमध चेन. चेन उघडली की चालवणाऱ्याची बाजू मोकळी, शेजारची सीट झाकलेलीच. ज्यानं हे शोधून काढलं, त्याची बायको त्याच्याशी बोलत नसावी.

कव्हर बसवाले मिस्त्री नको, म्हणे माझ्यासारखा हात कोणाचा नाही. भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात तो भिडला. रेक्झिन तापून कणकेसारखं मऊ झालेलं. हा ते दातओठ खाऊन ओढे, खडूनं खूण करे अन् गाडीच्या पत्र्याले भोक पाडून बटण ठोके. सीटले डाग नको म्हणून पत्र्याले भोकं. मी सावलीत बसून मान डोलावून राहिलो होतो, कारण चहा त्याच्याच घरचा होता. संध्याकाळी कव्हर नगाऱ्यासारखं ताणलेलं पाहून तो स्वतःवरच खूश झाला.

तिथून पुढं सात-आठ महिने हा एकटाच हिंडला. वहिनीनं विचारलं की आज धूळ आहे, आज पाणी येईल, आज आत्ताच बटणं लावली. वहिनी स्कुटीवर भाजी घेऊन येई अन् हा बाजूनं झाकलेली सीट फिरवत जाई.

लग्नाच्या सकाळी त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडाक्याची थंडी होती. वहिनी जरीची साडी नेसून, आहेराची पिशवी घेऊन फाटकात उभी. हा काय म्हणाला असेल?

"तू एसटीनं पुढं हो. कुहीच्या रस्त्यानं सीटची वाट लागते. मी धुवाले काढलेलं कव्हर लावून येतो."

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. मले असा राग आला, की त्याले त्याच कव्हरात गुंडाळावं. अन् देवालेही त्याची कीव आली नाही. उन्हात ताणून मापलेलं रेक्झिन थंडीनं आखडलं होतं. डावीकडची बटणं बोटभर दूर. यानं ओढलं, गुडघा लावला, मले ओढाले लावलं. बटण काही लागेना. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

"असं नेलं तर फडफडेल गा," तो रडकुंडीले आला. मग त्याची नजर बायकोवर गेली. "ऐक वं, तूच चाल. कव्हरावर बस अन् काठ धरून ठेव."

वहिनीनं पिशवी खाली ठेवली. "कव्हर धराले मी नाही बसत. बसीन तर बसाले बसीन."

अन् तिनं लागलेली बटणंही टचाटच काढली, कव्हराची घडी केली, डिक्कीत टाकली, पिशवी मांडीवर घेऊन बसली. मुहूर्त जवळ आला होता, ताराचंद मुकाट चालवाले बसला.

लग्नाचं आवतन मलेही होतं. मी एसटीनं पोचलो तेव्हा ते मांडवापुढं उतरून राहिले होते. वहिनीचे केस उडालेले, तोंड धुळीनं भरलेलं, अन् हसत होती लग्नाआधीच्या पोरीसारखी. तेवढ्यात ताराचंद वळसा घालून आला. मले वाटलं, बायकोले हात देते. त्यानं खिशातून पिवळा कपडा काढला, वाकला अन् वहिनी उठली तशी सीट पुसली.

"येताना साडी झटकून बस," म्हणाला.

वहिनीचं हसू तिथंच थांबलं. दिवसभर ती लग्नात रमली, जेवली, नाचली. निघाच्या वेळी माझ्याकडे आली. "भाऊजी, मी तुमच्यासंगं एसटीनं येते. तुमच्या दोस्ताले सांगा, सीट मोकळी आहे, खुशाल झाका."

त्यानं झाकली, बटणं ओढूनताणून कशीबशी लावली. उन्हं उतरायच्या आत आमच्या एसटीनं त्याले गाठलं. डावीकडचं कव्हर सुटून फडफडून राहिलं होतं. वहिनीले खिडकीची जागा मिळाली होती. तिनं काच सरकवली अन् त्याले हात दाखवला. त्याले हात काही दाखवता आला नाही. एक हात स्टेअरिंगवर होता, दुसऱ्यानं तो कव्हर धरून होता.