पुण्यापर्यंत ऐकू गेलेली खाडी

मंडळी, आजची सकाळ अजून कानात आहे.

ऑक्टोबर लागला की रविवारी सकाळी आम्ही मुलांना घेऊन नेरुळच्या खाडीवर जातो. यंदा बायको ट्रेनिंगसाठी पुण्यात, म्हणून मी एकटाच दोघांना घेऊन गेलो.

हलकं धुकं होतं, पाणी पार आत गेलेलं. चार वर्षांची मनू रडायलाच लागली, "आईशिवाय नको!"

तिचा दादा ईशान म्हणाला, "बाबा, आईला फोन लावा. पण कोणी बोलायचं नाही हं."

पाणी गेल्यावरच ऐकू येतो तसा, चिखलात बारीक बुडबुडे फुटण्याचा टपटप आवाज येत होता. मी फोन लावून तिकडे धरला आणि आम्ही तिघं डोळे मिटून उभे राहिलो.

बऱ्याच वेळाने फोनमधून हळूच आवाज आला, "आज ओहोटी आहे ना?"

मनू खुदकन हसली. "आई आली!"

तुमचं लांब गेलेलं माणूस तुमच्याकडे असं कधी आलंय का?