विलासचं निव्वळ वजन

माझ्या मुलाचं वजन मी तीन महिन्यांत सात किलोंनी उतरवलं. त्यात त्याचा स्वतःचा काही हात नव्हता.

मुलगा म्हणजे विलास. वय शेहेचाळीस, नोकरी सरकारी ऑफिसात, काम बसून. पांढुर्णा जिल्हा झाला, कागद वाढले, आणि कागदांबरोबर विलासही वाढला. संक्रांतीनंतर एकदा त्याला चक्कर आली म्हणून डॉक्टरकडे नेलं. वजन भरलं ब्याण्णव आणि साखर निघाली काठावर. डॉक्टर म्हणाले, तीन महिने देतो, पंच्याऐंशीवर या. नाहीतर शुगरची गोळी सुरू. विलासचा चेहरा उतरला. त्याचे वडील गोळीपासून सुरुवात करून सुईपर्यंत कसे गेले ते त्याने पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. त्या दिवशी मी चहात साखर टाकायची विसरले.

आठ दिवसांत घरात सायकल आली. तिला ना कॅरिअर, ना स्टँड, ना घंटी. एवढी महागाची वस्तू आणि भिंतीला टेकवून ठेवायची! सोबत डोक्याला टोपडं (ते हेल्मेट म्हणतात) आणि पाठीवर तीन खिसे असलेला पिवळा बनियन. खिसे केळी ठेवायला. गावात अशाच पाच-सहा पोट सुटलेल्या माणसांची टोळी होती. दर रविवारी पहाटे ते जामसावळीच्या मारुतीकडे निघत आणि ऊन चढल्यावर परत येत.

सून अर्चना शाळेत शिकवते. तिने फ्रिजवर कागद चिकटवला. सकाळी भिजवलेले मूग, दुपारी एक भाकर, भाजी आणि काकडी. भात बंद, गोड बंद. विलास येता-जाता तो कागद वाचायचा, जसं काही वाचून पोट भरतं.

राहिला प्रश्न वजनाचा. आमच्या मागच्या शेडमध्ये काटा आहे, कापसाचा आणि संत्र्याच्या कॅरेटचा. विलास म्हणाला, दर रविवारी तिथंच वजन करू, आणि आई करेल, कारण ती कोणाची बाजू घेऊन बोलत नाही. अर्चनाने विचारलं, जमेल का त्यांना?

“चाळीस वर्षं काटा पाह्यला म्या,” मी म्हटलं. “मले शिकवून राहिली का?”

शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली, पण काटा मला कळतो. वेचणीच्या बाया दवात भिजलेला कापूस गाठोड्यात बांधून आणतात. काटा जो आकडा दाखवतो ते काही कापसाचं वजन नसतं. त्यातून गाठोड्याचं कापड वजा करायचं, दवाची ओल वजा करायची, काडीकचरा वजा करायचा. उरतं ते निव्वळ, आणि तोंडाने सांगायचं ते निव्वळच. (बाया मला शिव्या देत, पण दुसऱ्या दिवशी येत.)

पहिल्या रविवारी विलास सायकलवरून उतरला तो सरळ काट्यावर चढला. आकड्यांची पेटी माझ्या बाजूला, त्याला न दिसणारी. आकडा आला त्र्याण्णव. मी मनातल्या मनात बूट, टोपडं, पाण्याची बाटली आणि घाम काढला.

“नव्वद,” मी म्हटलं.

एका आठवड्यात दोन किलो! अर्चनाने हात जोडले. विलासने टोळीला फोन केला. मला वाटलं, त्यात एवढं काय, हिशेब तर सरळ आहे.

पुढे ऊन वाढलं तसा घाम वाढला, आणि घाम वाढला तशी मी ओल वाढवली. विलासने पंप घेतला, दिवा घेतला, बसायला गादीवाली चड्डी घेतली. मी सगळं इमानदारीने वजा करत गेले. एकदा तो परतताना तर्री-पोहे खाऊन आला. पोटातले पोहे म्हणजे काही त्याचं अंग नाही, म्हणून तेही काढले. होळीच्या सुमारास विलास सत्त्याऐंशीवर आला.

आणि त्याची पँट लागेना.

इथून घरात जो घोळ सुरू झाला तो मलाही उमगेना. वजन उतरतंय आणि कंबर वाढतेय. आधी दोष अर्चनावर आला, की ती कपडे गरम पाण्यात धुते. मग शिंप्यावर. मग विलासने स्वतःच शोध लावला, की चरबी जाऊन मसल्स येत आहेत.

“मसल्स समोरूनच येते का?” अर्चनाने विचारलं.

विलास रुसून उठला आणि बाहेर जाऊन आलूबोंडे खाऊन आला. वजन उतरलेल्या माणसाला एवढा हक्क आहे, असं त्याचं म्हणणं. टोळीतही हीच रीत होती. जेवढी सायकल हाणली तेवढं बक्षीस, आणि बक्षीस तळलेलंच.

अर्चना मात्र घाबरली. शाळेतल्या कोण्या बाईने तिला सांगितलं होतं, की अंग वाळून पोट तेवढं वाढत असेल तर आत पाणी झालेलं असतं. ती माझ्याजवळ येऊन रडली. मग मलाही धसका बसला. माझं पोर दोन महिन्यांत पाच किलोंनी वाळलं! आकडे मीच सांगितलेले, पण तोवर माझेच आकडे मला खरे वाटायला लागले होते. मी गुपचूप त्याच्या भाकरीला तूप चोपडायला लागले. रोज दोन शेंगदाण्याचे लाडू त्याच्या ऑफिसच्या बॅगेत टाकायला लागले. फ्रिजवरचा कागद तसाच होता. विलास लाडवांबद्दल एका शब्दाने बोलला नाही. त्यालाही वाटत असावं, की देवच देतोय.

तीन महिने भरले त्या रविवारी काटा चौऱ्याण्णव बोलला. सामानाचे चार, घामाचे तीन, पोटातले दोन. “पंच्याऐंशी,” मी म्हटलं. सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो. विलास आत गेला तो परीक्षेचा पहिला नंबर घ्यायला निघाल्यासारखा.

डॉक्टरांचा काटा म्हणाला त्र्याण्णव.

“तुमचा काटा बिघडला,” विलास म्हणाला.

डॉक्टरांनी कंपाउंडरला चढवलं, मग स्वतः चढले. काटा बरोबर होता. मग त्यांनी विचारलं, घरी वजन कसं करता? मला वाटलं, आता माझी हुशारी कळेल. मी गाठोड्यापासून सगळं समजावून सांगितलं. कंपाउंडर तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

“आजी,” डॉक्टर म्हणाले, “तुम्ही घामाचे किती किलो कापायच्या?”

“एक ते तीन. जसा भिजला असन तसं.”

“आई,” विलास म्हणाला, “मी काय कापूस हाओ का?”

अर्चनाने डोळे पुसले, पण त्या वेळी ती रडत नव्हती.

डॉक्टरांनी मग विलासला बसवून सांगितलं. घामाने जातं ते पाणी, दोन तांबे प्याले की परत येतं. रविवारी सायकलने जेवढं जळतं तेवढं एका तर्री-पोह्यात आणि दोन आलूबोंड्यांत भरून निघतं. निघण्याआधी केळ खा, परत आल्यावर घरचं जेवा, वजन उपाशीपोटी आणि अनवाणी करा. साखर तपासली तर आश्चर्य. होती तिथंच काठावर, पुढे सरकली नव्हती. सायकलने तेवढं काम केलं होतं. डॉक्टरांनी आणखी दोन महिने दिले. गोळी टळली. विलासने मोठा श्वास सोडला. मीही सोडला.

“आता तुम्ही या,” डॉक्टर मला म्हणाले.

मी म्हटलं, मले काय झालं? पण त्यांनी बोट टोचलंच. मशीनकडे पाहिलं, परत टोचलं, परत पाहिलं. मग कागद ओढून लिहायला बसले.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी शुगरची गोळी मी घेते. शेजारीण पाकीट पाहून विचारते, ही गोळी कोणाची गं? मी सांगते, विलासची.