दोर सोडायला शिकले

आमचा दादा जमिनीवर बरा माणूस आहे. पेपर वाचतो, आईच्या गोळ्या वेळेवर देतो, भाजीवालीशी घासाघीस करत नाही. पाण्यावर गेला की मात्र त्याच्या अंगात येतं. बरीच वर्षं मोठ्या जहाजांवर नोकरी करून तो गावी परतला, तो एक शिडाची बोट घेऊनच. मुंबईत कुणाची तरी जुनी बोट मिळाली, ती त्याने टेम्पोवर आडवी बांधली आणि भर बाजाराच्या दिवशी मिरजगावातून मिरवत नेली. लोक विचारत होते, "काय हाय ह्ये, इमानाचा पंख?" दादा टेम्पोत ऐटीत बसून होता.

कर्जतच्या खाली भीमेच्या काठाला आमचं थोडं रान आहे. उजनी धरणाचं पाणी तिथवर फुगतं. हिवाळ्यात त्या पाण्यावर रोहित पक्षी येतात आणि ते बघायला पुण्याहून गाड्या भरभरून माणसं येतात. त्यांना शिडाच्या बोटीतून फिरवायचं, असा दादाचा बेत. पण बोटीला माणसं लागतात दोन. एक सुकाणूवर आणि एक दोरांवर. सुकाणूवर अर्थातच तो. दोरांवरचं माणूस काही टिकेना. एक चुलतभाऊ पहिल्याच दिवशी शिव्या खाऊन पळाला, दुसरा आलाच नाही. मग दादा माझ्या दुकानात येऊन बसला.

मी मिरजगावात हार्डवेअरचं दुकान चालवते. नायलॉनचा, सुताचा, काथ्याचा, सगळा दोर मी किलोवर विकते. दोराचं मला कोण काय शिकवणार, अशा गुर्मीत मी बोटीत चढले.

दादाने पहिल्या दिवशी भराभर सगळं दाखवलं. उभी ती डोलकाठी. शिडाच्या खालच्या कडेला जो आडवा दांडा तो बूम, आणि बोट वळताना तो डोक्यावरून सपकन जाणार, तेव्हा मान खाली घालायची. बोट एका बाजूला कलली की आपण उलट बाजूच्या काठावर बसून मागे रेलायचं. आणि मोठ्या शिडाचा दोर माझ्या हातात. तो ओढला की शिडात वारा भरतो आणि बोट पळते. वारा जास्त झाला की तो सोडायचा. "बास, एवढंच हाय," दादा म्हणाला. मी मान खाली घालायला विसरले आणि पहिल्याच वळणाला बूमने माझ्या कानशिलावर असा दणका दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दादा हसला. मी त्याला शिवी दिली. तोवर शीड भरलं होतं. इंजिन नाही, आवाज नाही, नुसत्या वाऱ्यावर आम्ही पाणी कापत निघालो होतो. कान सुजत होता आणि मला इतका आनंद झाला होता की मी मोठमोठ्याने ओरडत होते. त्या दिवसापासून मला ती बोट हवी होती. दादासाठी नाही, पुण्याच्या पाहुण्यांसाठी नाही, माझ्यासाठी.

आमच्याकडे आषाढात पाऊस बेताचा आणि वारा फार. पश्चिमेचा वारा दिवसभर रानाला ओरबाडत असतो. पत्रे उडतात, बाजरी आडवी होते, बोलायला तोंड उघडलं की माती आत जाते. पाण्यावर हा वारा एकसारखा येत नाही, झोतांनी येतो. लांबवर पाणी काळं पडलेलं दिसतं, ते काळं आपल्याकडे धावत येतं आणि बोटीला थोबाडीत मारल्यासारखं आडवं करतं. अशा वेळी दोर सोडायचा. दादा ओरडायचा, "सोड!" आणि माझी मूठ आणखी घट्ट व्हायची.

ह्याचं कारण त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. लहानपणी आमच्याकडे एक खोंड होतं, नुकतं जुंपायला घेतलेलं. एकदा दादाने त्याचा कासरा माझ्या हातात दिला आणि तो पाणी प्यायला गेला. खोंड बुजलं, मी कासरा सोडला. खोंड उधळलं, ओढ्यात पडलं आणि त्याचा पाय गेला. वडील घरी यायच्या आधी दादाने त्याच कासऱ्याने मला फोडून काढलं. प्रत्येक फटक्याला एकच वाक्य, "कासरा सोडायचा न्हाई!" पाठीवरचे वळ गेले, वाक्य राहिलं. गुरं हाकणाऱ्या घरात ते सगळ्यांनाच शिकवतात, मला जरा जास्त शिकवलं इतकंच. जनावर ओढायला लागलं की कासरा हाताला गुंडाळायचा, पाय रोवायचे आणि मेलं तरी सोडायचा नाही. आणि आता तोच माणूस मला वाऱ्यात किंचाळून सांगत होता, "सोड गं, म्हशे, सोड!"

"अरे सुटत न्हाई!" मी म्हणायचे.

"सुटत न्हाई म्हंजे? हात तुझा हाय का दुसऱ्याचा?"

एकदा त्याने दोराचं मोकळं टोक माझ्या दंडावर सणकन मारलं. मुद्दाम मारलं का, हे मी विचारलं नाही. दंडावर निळी रेघ उठली. मी दुकानात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून बसले.

मग तो दिवस आला. दोर ओला होता, हातातून निसटत होता, म्हणून मी तो तळव्याला दोन वेढे गुंडाळून घेतला. कासरा गुंडाळतात तसाच. दादाचं लक्ष पुढे होतं. पाणी काळं पडत आमच्याकडे आलं, दादा ओरडला, "सोड!" या वेळी मला खरंच सोडायचा होता. पण वेढे आवळले गेले होते. शिडाने दोर खेचला, दोराने माझा हात खेचला आणि हात जाऊन लोखंडी कप्पीवर आदळला. बोटांतून कडकन आवाज आला. पुढच्या क्षणी बोट आडवी, शीड पाण्यात आणि मी शिडाखाली.

शिडाखाली अंधार होता. लाईफ जॅकेट मला वर ढकलत होतं, वर कापड होतं, आणि हात बोटीला बांधलेला. मी तोंड उघडलं की कापड तोंडात यायचं. मी मरणार, हे मला अगदी साधेपणाने कळलं. भीती वाटली नाही, राग आला. दादाचा, त्या खोंडाचा, माझ्या हाताचा, सगळ्यांचा राग. मग कुणीतरी माझा दंड धरला, दोर तुटला आणि मी उजेडात आले. दादाने कमरेच्या सुरीने दोर कापला होता. त्याच्या स्वतःच्या अंगठ्यालाही मोठी जखम झाली होती.

मासे धरणाऱ्यांच्या होडीने आम्हाला काठावर आणलं. मी चिखलात गुडघ्यावर बसून पाणी ओकत होते. दोन बोटं भलत्याच दिशेला वळलेली. दादा समोर आला, मला उठवलं आणि कानाखाली जाळ काढला. "मेली असतीस ना, भवाने!" एवढं म्हणून त्याने माझे दोन्ही खांदे धरले, ते सोडेचना. होडीवाले खाली बघत उभे राहिले. तो घाबरला होता, हे मला दिसत होतं. त्याने मला वाचवलं होतं, तेही खरं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी बोटं मोडली आहेत, मी बाईमाणूस अर्धं आयुष्य काढून बसलेली, दुकानात चार माणसं मला 'ताई' म्हणून उभी राहतात, आणि हा अजून मला ओढ्याकाठची पोर समजून मारतोय.

कर्जतला डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. गाडीत बसताना मी दादाला म्हटलं, "परत हात उचललास तर मी बोटीवर येणार न्हाई. आन तुझ्या दारात पण येणार न्हाई."

"लई शानी झालीस," तो म्हणाला आणि हसला. माझं बोलणं त्याने मनावर घेतलं नाही, हे मला त्या हसण्यावरून कळलं.

बोट सोडून देणं सोपं होतं. आई तेच म्हणत होती. पण बोट मला हवी होती. शिडात वारा भरतो तेव्हा अंगात जे होतं, ते मला दुकानात, लग्नात, देवळात कुठेच झालं नव्हतं. म्हणजे दोन गोष्टी व्हायला हव्या होत्या. माझी मूठ उघडायला हवी होती आणि त्याचा हात थांबायला हवा होता.

मूठ माझ्या ताब्यातली होती. प्लास्टर निघाल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत तुळईवरून नायलॉनचा दोर टाकला, त्याला खिळ्यांचं पोतं बांधलं, वर ओढलं आणि सोडलं. पोतं धाडकन आपटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. पहिल्या दिवशी सोडायच्या आधी दरवेळी मूठ आणखी आवळली जायची. गिऱ्हाइकं दचकून विचारायची, आत काय पाडापाडी चाललीये? मी म्हणायचे, उंदीर मारतेय. तळवा सोलून निघाला. हळूहळू मूठ उघडायला लागली, आणि खरं सांगते, एका दुपारी पोतं आपटल्यावर मी खाली बसून भोकाड पसरून रडले.

मी परत बोटीवर गेले तेव्हा भादव्यातला वारा होता, आधीपेक्षा वाईट. दादा मान वर करून शिडाकडे बघत होता. मला पाणी काळं पडलेलं दिसलं. त्याने ओरडायच्या आत मी दोर सोडला. मूठ उघडली, दोर सुर्रकन गेला, कललेली बोट सरळ झाली आणि वाऱ्याकडे तोंड करून वळली. मोकळा झालेला बूम डावीउजवीकडे झोडपत सुटला आणि त्याचा एक तडाखा थेट दादाच्या कपाळावर बसला.

रक्ताची धार लागली. डोळ्यात रक्त, तोंडात शिव्या. "म्या सांगितलं व्हतं का सोड म्हनून?" असं ओरडत त्याने सुकाणू डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात माझ्यावर उचलला.

मी त्याचं मनगट धरलं. मोडून जुळलेल्या बोटांनी धरलं. त्याने झटका दिला, मी सोडलं नाही. दुसरा दिला, बोटांतून कळ थेट खांद्यापर्यंत गेली, मी सोडलं नाही. शीड डोक्यावर फाडफाड वाजत होतं. बोट वाऱ्याने मागे मागे सरकत होती आणि मागे धरणात बुडालेल्या जुन्या गावठाणाच्या भिंती पाण्याच्या जेमतेम खाली होत्या. आपटलो असतो तर बोटीचा तळ फुटला असता.

"दोर ओढ! भित्ताडं आली मागं! सोड माझा हात!"

"आधी म्हन, परत मारनार न्हाई."

त्याने माझ्याकडे बघितलं. रक्ताने माखलेला एक डोळा मिटलेला, दुसरा माझ्यावर. ओठ हलले.

"ऐकू येईना," मी म्हटलं. "मोठ्यानं."

"न्हाई मारनार!" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. "न्हाई मारनार परत, बाई!"

मग मी त्याचा हात सोडला आणि दोर ओढला.