देवापुढची साखर

पहिले रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मलाही हायसं वाटलं. दुर्बिणीची तपासणी नॉर्मल आली, पुन्हा साखर. आमच्याकडे साखर ठेवली की विषय संपतो. त्यानंतर पोट दुखतं म्हणणं म्हणजे देवाला खोटं पाडणं.

पोट मात्र दुखतच होतं. वजन उतरलं, तर सोसायटीतल्या बायका विचारायच्या, डाएट कोणतं? डॉक्टर म्हणाले, "टेन्शन कम लीजिए." टेन्शन मी रोज व्हाइटफील्डच्या ऑफिस कॅबमध्ये घेत होते. पुढे गाड्या, मागे गाड्या आणि पोटात मुरडा. एकदा धीर सुटला. "अण्णा, स्वल्प निल्लिसी," जरा थांबवा, असं मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं. ड्रायव्हर म्हणाला, "यहाँ कहाँ, मॅडम?" त्याचं बरोबर होतं. फ्लायओव्हरवर उतरून मी जाणार कुठे? सकाळचं खाणंच सोडलं. तरी मुरडा यायचाच.

घरी बोलायची सोय नव्हती. रात्री उठायचे तीही दिवा न लावता, संडासाचं दार अलगद लोटून. घर गाढ झोपलेलं आणि मी आत कळा सोसत बसलेली. सगळ्यांचा राग यायचा. मला खरंच काही झालंय ना, अशी शंका यायची, आणि ती कळांपेक्षा वाईट होती.

शेवटी ऑफिसात चक्कर येऊन पडले, तेव्हा नवऱ्याने इंदिरानगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फाइल चाळून बाजूला ठेवली.

"रात को पेट की वजह से नींद खुलती है?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "नहीं, नहीं. नींद अच्छी है."

खोटं बोलत नव्हता बिचारा.

"खुलती है," मी म्हणाले. "रोज."

डॉक्टरीणबाई सरसावून बसल्या. नुसत्या टेन्शनचं पोट सहसा झोपेतून उठवत नाही, म्हणाल्या. आतड्याला सूज असू शकते. दुर्बीण लहान आतड्यात फारशी पोचत नाही, तिथलं राहून गेलं असेल. आता कॅमेऱ्याची गोळी गिळवून बघू.

मला तिथेच रडू फुटलं. नवरा माझ्याकडे वळला.

"मला उठवायचं नाहीस का?"

"उठवलं असतं, तर काय म्हणाला असतास?"